श्रमदानाचा पहिला उन्हाळा : पाणलोटाच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

श्रमदान फुकट असते, हा या कामातला सर्वांत जुना आणि सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. सकाळी सहा ते नऊ या वेळेत डोंगरउतारावर पाणी अडवायचे चर खोदायला टिकाव मारणाऱ्या शेतमजूर बाईची त्या दिवशीची निम्मी मजुरी बुडालेली असते, घरची भाकरी उशिरा झालेली असते आणि दुपारी दुखत्या अंगानेच तिला कुणाच्या तरी रानात कांदा काढायला जायचे असते. तिच्या शेजारी उभे राहून चार पाट्या माती टाकणाऱ्या बागायतदाराच्या विहिरीचे पाणी मात्र त्याच चरांमुळे पुढच्या हिवाळ्यात वर येणार असते. दोघांच्या नावापुढे हजेरीवहीत एकच खूण पडते, पण दोघांनी दिलेले मोल सारखे नसते. आपण कुणाकडून किती मागत आहोत, हा हिशेब ज्याला मांडता येत नाही त्याने आधी तो शिकावा आणि नंतर लोकांना हाक द्यावी, असे माझे अनेक उन्हाळ्यांच्या अनुभवानंतरचे मत आहे.

हे टिपण गावातल्या कार्यकर्त्या तरुणांसाठी, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर घेऊन खेड्यात जाणाऱ्या प्राध्यापकांसाठी आणि गावाकडे काहीतरी करावे असे वाटणाऱ्या मुंबईकर मंडळांसाठी आहे. विषय मुद्दाम एकाच कामापुरता ठेवला आहे, तो म्हणजे उन्हाळ्यात गावच्या माळावर आणि ओढ्यात हातांनी करायची पाणी अडवण्याची कामे.

महाराष्ट्राला श्रमदान नवे नाही. हातात खराटा घेऊन गावात शिरणारे आणि आधी रस्ता झाडून संध्याकाळी कीर्तनाला उभे राहणारे गाडगेबाबा आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहेत. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर आणि हिवरे बाजारात १९९० च्या आसपास श्रमदानातून जे उभे राहिले, ते पाहायला आजही एसटी भरभरून माणसे जातात. मात्र हिवरे बाजारच्या पंचसूत्रीत श्रमदान एकटे नव्हते. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नसबंदी हे चार नियम त्याच्या जोडीला होते, आणि त्यांतल्या कुऱ्हाडबंदी व चराईबंदीशिवाय डोंगरावर खोदलेला चर दोन पावसाळ्यांत बुजून गेला असता, ही गोष्ट सहलीला जाणारे बहुधा घरी घेऊन येत नाहीत. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांपासून सुरुवात करून २०१९ पर्यंत राज्यातल्या हजारो गावांना उन्हाळ्यात डोंगरावर नेले. त्या स्पर्धेपासून घेण्यासारखी मुख्य गोष्ट बक्षीस नव्हे, मुदत आहे. काम ४५ दिवसांचे होते आणि ते कधी संपणार हे पहिल्याच दिवशी सर्वांना माहीत होते. ज्या कामाचा शेवट दिसत नाही त्यासाठी माणूस आठ दिवस येतो आणि नवव्या दिवसापासून आजारी पडतो.

पायरी पहिली : कुणाचे किती जाते, हे आधी मांडा

हाक देण्यापूर्वी दोन-तीन जणांनी एका संध्याकाळी बसून वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात कुटुंब, दुसऱ्यात त्या कुटुंबाचे रोजचे पोट कशावर चालते ते, आणि तिसऱ्यात होणाऱ्या कामाचा त्या कुटुंबाला कोणता लाभ होईल ते लिहावे. ही वही भरताना बहुतेक गावांत एकच चित्र दिसते. लाभ उताराच्या पायथ्याशी जमीन आणि विहीर असणाऱ्यांकडे गोळा होतो, तर हात भूमिहीनांचे आणि माथ्यावरच्या कोरडवाहू शेतकऱ्यांचे लागतात.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो आपल्याच राज्यात सापडलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्यात पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर, माणशी अर्धा एकर भिजेल इतके, ठरवले गेले, भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला गेला आणि उसाला ते पाणी द्यायचे नाही असा नियम केला गेला. आपल्या गावात एवढी मजल पहिल्याच वर्षी मारता येणार नाही, हे मान्य. तरीही राखलेल्या माळावरचे गवत आधी कुणी कापायचे, तळ्यातल्या मासळीचा ठेका कुणाला द्यायचा, काढलेला गाळ कुणाच्या रानात आधी जाईल, हे प्रश्न खोदाईच्या आधी सुटले तर भूमिहीन कुटुंबांना त्या चरात स्वतःचेही काही दिसू लागते. खोदाईनंतर हे प्रश्न कुणीही सोडवत नाही.

त्याच बैठकीत मागणी ठरवावी. माझा आग्रह असा की जो रोजंदारीवर आहे त्याच्याकडून आठवड्याला एक सकाळ मागावी, ज्याची स्वतःची शेती आहे त्याच्याकडून तीन, आणि ज्याची विहीर या कामाने भरणार आहे त्याच्याकडून रोज. जो येऊ शकत नाही त्याने आपल्या वाट्याच्या दिवसाची मजुरी देऊन दुसऱ्याला पाठवावे, आणि ती मजुरी प्रत्यक्ष हातात पडावी. काही जुन्या कार्यकर्त्यांना ही पद्धत श्रमदानाच्या पावित्र्याला बाध आणणारी वाटते. मला तसे वाटत नाही. ज्याच्याजवळ देण्यासारखे फक्त शरीर आहे त्याच्याकडून शरीर घ्यायचे आणि ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्याकडून भाषण घ्यायचे, यात पावित्र्य कुठले?

आणखी एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. आपल्या राज्यात १९७२ च्या त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना जन्माला आली, ती गावच्या मजुराला गावातच मजुरी मिळावी म्हणून. जे काम मजुरीच्या योजनेत बसते आणि ज्यासाठी मजूर हात पसरून उभे आहेत, ते श्रमदानातून उरकून त्यांची मजुरी घालवू नये. योजनेचे काम आणि श्रमदानाचे काम यांच्या जागाही वेगळ्या ठेवाव्यात.

पायरी दुसरी : शिवारफेरी

नकाशा नंतर, पाय आधी. पाच-सहा जणांनी गावच्या शिवाराच्या सर्वांत उंच टोकापासून चालायला सुरुवात करावी आणि पाणी ज्या वाटेने खाली येते त्याच वाटेने ओढ्यापर्यंत उतरावे. सोबत एक तरी म्हातारा गुराखी किंवा मेंढपाळ असावा, कारण पावसाळ्यात कोणत्या घळीला किती लोंढा येतो हे त्याला तोंडपाठ असते, आणि दोन-तीन बायका असाव्यात, कारण कोणत्या महिन्यात कोणता झरा आटतो हे डोक्यावर हंडा घेणारीलाच नेमके ठाऊक असते.

या फेरीत पाहायचे ते असे : माती कुठे धुपून मुरूम उघडा पडला आहे, पूर्वीचे चर किंवा बांध कुठे आहेत आणि ते का फुटले, कातळ कुठे आहे, आणि जमीन कुणाची आहे. कामाची दिशा नेहमी माथ्याकडून पायथ्याकडे असते. वरचे पाणी न अडवता खाली ओढ्यात बंधारा घातला तर पहिल्या दोन पावसांत तो गाळाने भरतो आणि मग त्यात पाण्याऐवजी बेशरम उगवते. हे सगळे ऐकून माहीत असूनही प्रत्येक गाव ओढ्यापासूनच सुरुवात करायला पाहते, कारण ओढ्यातले पाणी रस्त्यावरून दिसते आणि माथ्यावरचा चर दिसत नाही.

पायरी तिसरी : संमती

गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, वनजमीन असेल तर वनखात्याची लेखी परवानगी, खासगी जमीन असेल तर मालकाची लेखी संमती. तोंडी होकार पुरत नाही, कारण चर खोदून झाल्यावर भाऊबंदकीतला दुसरा हिस्सेदार उगवतो. ग्रामसभेत विषय मांडायचा असेल तर २६ जानेवारीच्या सभेत मांडावा. १ मेची वाट पाहिली तर निम्मा हंगाम निघून गेलेला असतो.

पायरी चौथी : आखणी

नवख्यांचा सर्वांत मोठा अपघात इथे होतो आणि तो आमचाही झाला आहे. पहिल्या वर्षी आम्ही सत्तर माणसांनी आठ दिवस घाम गाळून माळावर एक लांबलचक चर काढला, आणि तो नजरेने आखला. डोळ्याला तो अगदी आडवा दिसत होता. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्या चरातले सगळे पाणी एका टोकाला धावले, तिथला भराव फुटला आणि खालच्या शेतकऱ्याच्या नांगरलेल्या रानातून ओहोळ पडला. त्या शेतकऱ्याने पुढची दोन वर्षे आमच्याशी बोलणे सोडले होते, आणि तो चुकत होता असे मला आजही म्हणवत नाही.

समपातळी नजरेला कळत नाही, ती मोजावी लागते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सारख्या लांबीचे दोन बांबू वरच्या टोकाला एकत्र बांधावेत, खालची टोके फाकवून मध्ये आडवी काठी बांधावी आणि वरच्या सांध्यातून ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेला दगड, सोडावा. आता ही चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करावी. मग दोन्ही पायांच्या जागांची अदलाबदल करून, म्हणजे डावा पाय उजव्याच्या जागी आणि उजवा डाव्याच्या जागी ठेवून, पुन्हा खूण करावी. दोन खुणांच्या बरोबर मधली खूण ही समपातळीची. यापुढे डोंगरावर चालताना एक पाय रोवून दुसरा पाय दोरी मधल्या खुणेवर येईपर्यंत वर-खाली सरकवायचा, तिथे फक्की टाकायची आणि पुढचे पाऊल घ्यायचे. शाळेतली आठवीची मुले हे अर्ध्या तासात शिकतात आणि मोठ्या माणसांपेक्षा अचूक करतात.

दुसरे साधन पारदर्शक नळीचे. दोन सारख्या पट्ट्यांना नळीची दोन टोके बांधून नळीत पाणी भरायचे. दोन्ही पट्ट्यांवर पाणी सारख्या आकड्यावर आले की दोन्ही जागा एका पातळीत आहेत. वॉटर कपच्या गावांत हे हायड्रोमार्कर या नावाने रुळले. यात एकच गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. नळी उन्हात तापली की बुडबुडे धरते, म्हणून आखणी सकाळी लवकर करावी आणि दर थोड्या अंतराने नळी बोटाने टिचकावून पाहावी.

सलग समतल चराचे नेहमीचे माप ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असे धरले जाते. दोन ओळींमधले अंतर उतारावर अवलंबून असते : उतार जितका जास्त, तितक्या ओळी जवळ. हे अंतर कृषी विभागाच्या किंवा वनविभागाच्या जाणत्या कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष माळावर नेऊन ठरवून घ्यावे. आखणी करताना वाटेत झाड आले तर चर तिथे तोडावा आणि झाडापलीकडे पुन्हा सुरू करावा. पाण्यासाठी झाड तोडणाऱ्या गावाला पाणी मिळाले तरी टिकत नाही.

आखणी पूर्ण झाली की एक हिशेब फळ्यावर लिहून दाखवावा, कारण नवख्यांना हुरूप भाषणाने येतो त्यापेक्षा आकड्याने अधिक येतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी पडते. वर दिलेल्या मापाचा दहा मीटर लांब चर १,८०० लिटर पाणी धरतो. नवखा माणूस मुरमाड जमिनीत एका सकाळी अर्धा घनमीटर खोदतो असे धरले, आणि हेही धरायला हरकत नाही की पहिल्या आठवड्यात तेवढेही होणार नाही, तर तीस माणसांचे रोज पंधरा घनमीटर होतात. ४५ दिवसांत ६७५ घनमीटर, म्हणजे एका भरण्याला पावणेसात लाख लिटर. असा चर एका पावसाळ्यात एकदाच भरत नाही. यातले सगळे पाणी विहिरीत येते असे मात्र कुणालाही सांगू नये. काही माती पिते, काही गवत पिते, काही खडकाच्या फटीतून शेजारच्या गावाला जाते, आणि शेजारच्या गावाला गेलेल्या पाण्याबद्दल कुरकुर करू नये, कारण त्यांच्या माळावरचेही काही आपल्याकडे आलेले असते.

पायरी पाचवी : हत्यारे, माठ आणि पहाट

तीस माणसांना दहा टिकाव, दहा फावडी, पंधरा घमेली आणि दोन-तीन पहारी पुरतात, कारण एक खोदतो, एक ओढतो आणि एक वाहतो. हत्यारे घरोघरी असतात, ती आणायला सांगावीत आणि दांड्यावर नाव लिहून घ्यावे. ढिला दांडा असलेला टिकाव त्या दिवशी बाजूला ठेवावा, कारण निसटलेले पाते मागच्या माणसाच्या कपाळावर बसते. खोदणाऱ्या दोघांमध्ये दोन हातांपेक्षा अधिक अंतर ठेवावे.

काम साडेनऊच्या पुढे नेऊ नये. एप्रिल-मेच्या उन्हात दहानंतर माती हलते कमी आणि माणसे पडतात अधिक. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण एका पुठ्ठ्यावर लिहून माठाशेजारी टांगावे. ज्याला घाम यायचा थांबून अंग तापले आहे, जो असंबद्ध बोलू लागला आहे, त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडत थेट दवाखान्यात न्यावे. तिथे घरगुती उपायांत वेळ घालवू नये. दगड उचलताना तो आपल्या बाजूने न उचलता पलीकडून आपल्याकडे उलटवावा, म्हणजे खालचा विंचू किंवा फुरसे पलीकडे राहते. दंश झालाच तर मंत्र-तंत्राकडे न जाता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलेल्या उपचारामुळे लाल विंचवाचा दंश आता पूर्वीसारखा जीवघेणा राहिलेला नाही, पण त्यासाठी माणूस वेळेत पोहोचावा लागतो. जवळचे केंद्र कोणते, तिथे रात्री कोण असते आणि गाडी कुणाची मिळेल, हे पहिल्या दिवसाच्या आधी ठरलेले असावे.

माठाविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पिण्याच्या पाण्याची जागा एकच असावी, पेला एकच असावा आणि वाढणारा माणूस रोज वेगवेगळ्या वस्तीतला असावा. ज्या राज्यात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तिथे पाणी अडवण्याच्या कामावर दोन माठ ठेवणे म्हणजे कामाचा पायाच चुकवणे आहे. कुणी घरून बाटली आणतो म्हणाले तर आणू द्यावी, पण उन्हाळ्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या होतात आणि माठ उरतो, असा माझा अनुभव आहे.

बायकांची संख्या पहिल्या आठवड्यात जास्त असते आणि नंतर घटते. कारण विचारले तर कुणी सांगत नाही, पण ते उघड आहे : सहा वाजता माळावर पोहोचण्यासाठी ती साडेतीनला उठते, आणि तिचा नवरा साडेपाचला. ज्या घरातून बाई येते त्या घरातल्या पुरुषाने त्या ४५ दिवसांत पाणी भरणे आणि गोठा झाडणे स्वतःकडे घ्यावे, ही सूचना सभेत, माइकवर, सरपंचांच्या तोंडून गेली पाहिजे. लोक हसतात. हसू द्यावे. लहान मुलांसाठी झाडाखाली एक साडीचा पाळणा आणि लक्ष ठेवायला एक आजी, एवढ्या सोयीने दहा-बारा जणींची अडचण सुटते.

पायरी सहावी : खोदाई आणि दगडकाम

चरातून निघालेली माती नेहमी उताराच्या खालच्या बाजूला टाकावी, आणि चराच्या कडेपासून वीतभर किंवा त्याहून थोडी अधिक जागा मोकळी सोडून टाकावी, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. चराचा तळ सपाट ठेवावा. भरावावर पाऊस पडताच गवताचे बी टाकावे.

घळींमध्ये अनघड दगडांचे बांध घालतात. त्यात मोठे दगड बाहेरच्या अंगाला आणि तळाशी, लहान दगड पोटात बसवायचे असतात, दोन्ही टोके घळीच्या काठात थोडी आत घुसवायची असतात आणि मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवायचा असतो, म्हणजे लोंढा मधून ओसंडतो आणि काठ खात नाही. नवखे लोक बांध वर सपाट करून त्यावर चुन्याने गावाचे नाव लिहितात. पाणी ते वाचत नाही, ते कडेने जाते आणि बांध एका अंगाने उघडा पाडते. या बांधासाठी जमिनीत रुतलेला दगड उपटू नये, कारण त्यानेच तिथली माती धरून ठेवलेली असते. सुटे पडलेले दगडच वेचावेत.

उन्हाळ्याचे काम संपले तरी श्रमदानाचे वर्ष संपत नाही. पावसाळ्यानंतर ओढ्याचा प्रवाह बारीक झाला की सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून, तोंडे शिवून, ती विटांसारखी सांधे चुकवून रचली की वनराई बंधारा होतो. दोन सकाळींत पन्नास माणसे तो उभा करतात आणि रब्बीच्या एका-दोन पाण्याची सोय होते. ज्या गावाला उन्हाळ्याचे मोठे काम झेपेल की नाही याची शंका आहे, त्याने हिवाळ्याच्या तोंडाला या बंधाऱ्यापासून सुरुवात करावी. पाणी लगेच दिसते, आणि दिसलेले पाणी पुढच्या उन्हाळ्यात माणसे आणते.

पायरी सातवी : बाहेरून येणारी मदत

शहरातून एका दिवसासाठी येणाऱ्यांचे स्वागत करावे, पण त्यांच्या येण्यावर कामाची आखणी बांधू नये. त्यांना आधीच कळवावे की सकाळी सहाला माळावर पोहोचायचे आहे, पायात बूट हवेत, डोक्याला टोपी हवी, गावात सत्कार होणार नाही आणि जेवण पंक्तीत पिठले-भाकरी असेल. पाहुण्यांच्या जेवणासाठी बायकांना त्या दिवशी चुलीपुढे बसवावे लागत असेल तर त्या भेटीने गावाचे काम वाढले, घटले नाही. शहरातल्या माणसाचा खरा उपयोग अनेकदा दुसरीकडे असतो : कुणी हिशेबतपासनीस असतो, कुणी डॉक्टर, कुणी भूगर्भाचा अभ्यासक. त्याच्या हाताला चार फोड येऊ द्यावेत, कारण त्याशिवाय त्याला काम कळत नाही, पण नंतर त्याच्याकडून त्याचे हुन्नर मागावे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास द्यावे लागतात आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. सात दिवसांत त्यांच्याकडून नवा चर सुरू करून घेण्यापेक्षा गावाने आखून ठेवलेल्या एखाद्या ओळीचा ठरावीक तुकडा त्यांना पूर्ण करायला द्यावा. अर्धवट सोडलेला चर पाहून गेलेले विद्यार्थी पुन्हा येत नाहीत. पूर्ण केलेला चर पाहायला मात्र ते पावसाळ्यात स्वतःच्या खर्चाने येतात.

यंत्र मिळत असेल तर ओढ्याचे खोलीकरण आणि मोठे मातीकाम त्याच्याकडून करून घ्यावे, आणि उतारावरचे काम हातांना ठेवावे. जेसीबी आला की माणसे कडेला उभी राहून पाहू लागतात, ही अडचण प्रत्येक गावाने अनुभवली आहे, म्हणून यंत्राची वेळ श्रमदानाच्या वेळेनंतरची ठेवलेली बरी. डिझेलच्या वर्गणीची प्रत्येक पावती फाडावी, खात्यावर दोन सह्या असाव्यात आणि दर शनिवारी जमा-खर्च चावडीच्या फळ्यावर लिहावा. गावातली श्रमदाने उन्हाने बंद पडत नाहीत, डिझेलच्या हिशेबाने बंद पडतात.

पायरी आठवी : नोंद

रोज काम संपल्यावर दोघांनी टेपने मोजून त्या दिवशीची लांबी, रुंदी, खोली आणि हजेरी वहीत लिहावी आणि त्याखाली दोन वेगवेगळ्या वस्त्यांतल्या माणसांच्या सह्या घ्याव्यात. याचे एक कारण उघड आहे, दुसरे बोलले जात नाही. लोकांनी घाम गाळून केलेल्या चराचे पुढे कुठल्या तरी कागदावर मजुरीचे काम म्हणून बिल निघू शकते. मापांची, तारखांची आणि छायाचित्रांची वही ग्रामसभेत वाचून दाखवलेली असेल तर तसे करण्याचे धाडस सहसा होत नाही.

नावांचा फलक लावू नये, असे मी सुचवीन. फलकावर पहिली चार नावे कुणाची, यावरून जितकी भांडणे झाली आहेत तितकी पाण्यावरून झालेली नाहीत. लावायचाच असेल तर हजेरीच्या दिवसांप्रमाणे नावे लावावीत. मग पहिले नाव बहुधा अशा बाईचे निघते, जिला स्वतःचे एक गुंठाही रान नाही, आणि त्यानंतर पुढच्या वर्षी गवताच्या वाटणीचा विषय निघतो तेव्हा सभेतला सूर वेगळा असतो.

पायरी नववी : पहिला मोठा पाऊस

पाऊस पडत असताना घरात बसू नये. विजा थांबल्या की चार जणांनी छत्र्या-इरली घेऊन, फावडी खांद्यावर टाकून माळावर जावे. त्या अर्ध्या तासात जे दिसते ते पुढे वर्षभर दिसत नाही : कोणता चर एका टोकाला आधी भरतो, भराव कुठे झिरपतो, दगडी बांधावरून पाणी मधून जाते की कडेने. फुटू पाहणारी जागा तिथल्या तिथे दोन घमेली मातीने आणि एका दगडाने वाचते, दुसऱ्या दिवशी तिला दहा माणसे लागतात. प्रत्येक दोषाच्या जागी रंगवलेली खुंटी ठोकून ठेवावी.

पावसाळा संपला की गावातल्या ठरलेल्या पाच-सहा विहिरींची पाण्याची पातळी दर महिन्याच्या एकाच तारखेला दोरी सोडून मोजावी आणि त्यावरून रब्बीला किती पाणी आहे याचा ताळेबंद गावापुढे मांडावा. हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिका नको आणि ऊस-केळी नको असे नियम पाळले, ते या ताळेबंदाच्या जोरावर. ४५ दिवस शंभर माणसांनी जे जमिनीत घातले ते एक माणूस एका कूपनलिकेने उपसू शकतो, म्हणून हा विषय पाणी आल्यावर नव्हे, पाणी येण्याआधी, शक्यतो खोदाई चालू असताना माळावरच काढावा. तिथे सगळ्यांच्या हातांना फोड असतात आणि नाही म्हणणे अवघड जाते.

फेब्रुवारीत खुंट्या मोजाव्यात, चरांतला गाळ काढून तो भरावावर टाकावा आणि मागच्या वर्षीची वही उघडून पहिला रकाना पुन्हा भरायला घ्यावा. कुणाचे घर मजुरीसाठी कारखान्यावर गेले, कुणाची विहीर खरोखर वर आली, कुणाची नाही. ज्यांची आली, त्यांच्याकडून या वर्षी जास्त सकाळी मागाव्यात.